घरातल्या जुन्या कॅसेटी संगणकावर कशा उतरवाव्यात

फिलिप्स कंपनीने १९६३ साली बाजारात आणलेली कॉम्पॅक्ट कॅसेट महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचली ती ऐंशीच्या दशकात. त्या काळात विकतच्या कॅसेटींच्या जोडीने लोकांनी कोऱ्या कॅसेटी आणून त्या स्वतः भरल्या. बारशाला म्हटलेले पाळणे, आजीच्या ओव्या, गावच्या सप्ताहातले कीर्तन, परदेशी गेलेल्या मुलाला पाठवण्यासाठी सगळ्या घराने मिळून केलेल्या गप्पा असे बरेच काही त्यांत आहे. विकतच्या कॅसेटीतले गाणे आज बहुधा कुठेतरी अधिक चांगल्या स्वरूपात मिळते, पण घरी भरलेल्या कॅसेटीची दुसरी प्रत सहसा कोणाकडेच नसते. पुढील मार्गदर्शन मुख्यतः अशा कॅसेटींसाठी आहे आणि ज्यांनी हे काम पूर्वी कधी केलेले नाही, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. नवीन माणूस आपले सगळे लक्ष संगणकावरच्या सॉफ्टवेअरकडे देतो, परंतु आवाज किती चांगला येणार हे बहुतांशी कॅसेट वाजवणाऱ्या यंत्रावर आणि ते किती निगुतीने स्वच्छ केले आहे यावर ठरते. फितीवरून जे नीट उचललेच गेले नाही, ते नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरला आणता येत नाही. त्यामुळे या लेखातला मोठा भाग यंत्राविषयीच आहे.

आधी नोंद, मग कॅसेट

सगळ्या कॅसेटी एका जागी आणून प्रत्येकीवर पेन्सिलने क्रमांक घालावा आणि वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये त्या क्रमांकापुढे कव्हरवर जे काही लिहिले असेल ते जसेच्या तसे उतरवून घ्यावे. ‘नानांचे भजन, नाशिक, दिवाळी’ एवढ्या चार शब्दांवरूनही पुढे साल लावता येते. कव्हरचा आणि कॅसेटच्या दोन्ही बाजूंचा मोबाइलने फोटो काढून ठेवावा, कारण कव्हरांची अदलाबदल झालेली असणे ही अगदी नेहमीची बाब आहे आणि कॅसेट ऐकल्यावरच ती कळते.

क्रम ठरवताना ज्या कॅसेटींत घरातल्या माणसांचे आवाज आहेत त्या आधी घ्याव्यात, आणि त्यांतही ज्यांतले आवाज ओळखू शकणारी वडीलधारी माणसे आज आपल्यात आहेत, त्या सर्वांत आधी. फीत आणखी दोन वर्षे टिकेलही, परंतु ‘ही मागे बोलते आहे ती कोण?’ या प्रश्नाचे उत्तर देणारी आत्या तेव्हा असेलच असे नाही. ओव्यांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या संग्रहाचे मोल ओव्यांच्या शब्दांइतकेच ओवी कोणी गायली आणि ती बाई कोणत्या गावची, या नोंदींतही आहे. आपल्या घरच्या एका कॅसेटीलाही हाच न्याय लावावा.

कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी

कॅसेटच्या वरच्या कडेला, म्हणजे जिथून फीत दिसते त्याच्या विरुद्ध बाजूस, दोन टोकांना प्लॅस्टिकच्या दोन छोट्या पट्ट्या असतात. त्या शाबूत असतील तर यंत्रावर रेकॉर्डिंगचे बटण दाबले जाऊन मूळ आवाज पुसला जाऊ शकतो, म्हणून छोट्या स्क्रूड्रायव्हरने त्या दोन्ही मोडून टाकाव्यात. एवढे केले की ती कॅसेट सुरक्षित झाली.

त्यानंतर कॅसेट उजेडात धरून खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे पाहावे. गुंडाळीच्या कडेवर पांढरट किंवा करड्या रंगाचे ठिपके अथवा भुकटी दिसली, तर ती बुरशी समजावी. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यातल्या दमटपणामुळे हे फार आढळते. अशी कॅसेट चांगल्या यंत्रात अजिबात घालू नये, कारण बुरशी हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज उचलणाऱ्या यंत्रातल्या भागावर, बसते आणि तिथून पुढच्या कॅसेटींना लागते. ती वेगळ्या पिशवीत बंद करून ठेवावी आणि तिच्यातला आवाज मोलाचा असेल, तर हे काम व्यवसाय म्हणून करणाऱ्याकडे न्यावी.

फीत जिथे दिसते तिथे मधोमध तांब्याच्या रंगाच्या पातळ पत्र्यावर नमद्याची किंवा स्पंजची एक चिमुकली गादी चिकटवलेली असते. फितीला हेडवर हलकेच दाबून धरणे हे तिचे काम असते. जुन्या कॅसेटींत डिंक वाळून ही गादी गळून पडते आणि मग आवाज खोल गेल्यासारखा येतो किंवा मध्येमध्ये तुटतो. अशा वेळी, कॅसेट स्क्रूची असेल तर, दुसऱ्या एखाद्या बिनकामाच्या कॅसेटीचे कवच उघडून आपली फीत तिच्यात बसवावी. पाच छोटे स्क्रू काढायचे असतात. काम टेबलावर पांढरे फडके अंथरून करावे आणि उघडण्यापूर्वी आतली मांडणी कशी आहे, याचा फोटो काढावा. जोडाची, म्हणजे चिकटवून बंद केलेली, कॅसेट उघडण्याचा प्रयत्न नवख्या माणसाने न केलेलाच बरा.

वर्षानुवर्षे न वाजलेली फीत एकमेकींवर घट्ट बसलेली असते. ती थेट वाजवायला न लावता आधी पेन्सिल घालून दोन-चार वेढे हाताने फिरवून पाहावेत, सहज फिरत असेल तर यंत्रावर एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी. याने ताण सगळीकडे सारखा होतो. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीतली फीत साठ मिनिटांच्या फितीपेक्षा पातळ असते आणि एकशेवीस मिनिटांची तर फारच पातळ, त्यामुळे या शेवटच्या प्रकाराला जोराने मागेपुढे पळवू नये.

वाजवणारे यंत्र

घरात जुना डेक, म्हणजे म्युझिक सिस्टिमला जोडायचे कॅसेटयंत्र, असेल तर उत्तम. नसेल तर नातेवाइकांकडे विचारावे किंवा पुण्यातली तपकीर गल्ली आणि मुंबईतला लॅमिंग्टन रोड यांसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारांत जुना, दुरुस्त केलेला डेक मिळतो का ते पाहावे. घेताना आपली एक कॅसेट सोबत न्यावी आणि एखादा लांबलेला सूर, शक्यतो पेटीचा किंवा बासरीचा, ऐकून पाहावा. सूर थरथरत असेल तर आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो. पट्टा बदलून मिळतो, त्यामुळे तेवढ्यावरून चांगले यंत्र नाकारू नये. थेट यूएसबीने संगणकाला जोडता येणारे स्वस्त कॅसेटप्लेअरही विकत मिळतात. ते सोयीचे दिसतात, पण त्यांची यांत्रिक घडण बहुधा हलकी असते आणि फितीचा वेग स्थिर राहत नाही, म्हणून ज्याची दुसरी प्रत नाही अशा कॅसेटीसाठी मी ते सुचवणार नाही.

फीत यंत्रातून सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर एवढ्या संथ गतीने सरकते आणि तिची रुंदी जेमतेम ३.८१ मिलिमीटर असते. तेवढ्या रुंदीत दोन्ही बाजूंच्या मिळून चार पट्ट्यांत आवाज साठवलेला असतो. इतक्या बारीक कामात हेडवर बसलेला मळाचा अगदी पातळ थरही आवाजातली धार घालवतो. यासाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किंवा औषधांच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणावे. कापसाची काडी त्यात किंचित भिजवून हेडच्या गुळगुळीत तोंडावरून आणि शेजारच्या धातूच्या बारीक दांड्यावरून हलक्या हाताने फिरवावी. पहिली काडी बहुधा तपकिरी होऊन बाहेर येते. तो तपकिरी रंग म्हणजे आजवर वाजलेल्या फितींवरून झडलेला ऑक्साइडचा थर होय. काडी पांढरी बाहेर येईपर्यंत नवी नवी काडी घेऊन पुसत राहावे. रबराचा रोलर पुसताना अल्कोहोल अगदी बेताने वापरावे. नेलपॉलिश काढण्याचे द्रव किंवा अत्तर यांपैकी काहीही वापरू नये. सगळे कोरडे होण्यासाठी काही मिनिटे थांबावे, आणि दर चार-पाच कॅसेटींनंतर ही सफाई पुन्हा करावी.

हेड स्वच्छ असूनही आवाज घोंगडीखालून आल्यासारखा दबका वाटत असेल, तर हेडचा कोन आणि कॅसेट ज्या यंत्रावर भरली गेली त्याच्या हेडचा कोन जुळत नाही, असे समजावे. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला एक छोटा स्क्रू असतो. कॅसेट चालू असताना बारीक स्क्रूड्रायव्हरने तो अगदी पाव वळसा इकडे, पाव वळसा तिकडे फिरवत ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरे कुठे सर्वांत स्पष्ट होतात ते कान देऊन ऐकावे. टाळांचा आवाज असेल तर हे अधिकच सोपे जाते. स्क्रूची मूळ जागा मार्करच्या ठिपक्याने आधी खूण करून ठेवावी, म्हणजे परत येता येते. ही जुळवणी त्या एका कॅसेटीपुरतीच असते, पुढची कॅसेट दुसऱ्या टेपरेकॉर्डरवर भरलेली असल्यास ती पुन्हा करावी लागते. या एका स्क्रूने आवाजात जेवढा फरक पडतो, तेवढा पुढच्या कोणत्याच पायरीत पडत नाही, म्हणून इथे वेळ घालवण्यास कचरू नये.

संगणकाशी जोडणी

डेकच्या मागे ‘लाइन आउट’ असे लिहिलेली लाल आणि पांढरी अशी दोन छिद्रे असतात. तिथून निघणारी वायर संगणकाच्या ‘लाइन इन’मध्ये जायला हवी. टेबलावरच्या संगणकांना मागील बाजूस निळ्या रंगाचे हे छिद्र पुष्कळदा असते. लॅपटॉपला मात्र सहसा एकच छिद्र असते आणि त्यातला आत येणारा मार्ग हेडफोनच्या माइकसाठी असतो. तो एकाच चॅनेलचा असतो आणि माइकच्या क्षीण संकेतासाठी बनवलेला असल्यामुळे डेकचा संकेत त्यात फाटतो. लॅपटॉप वापरणाऱ्यांनी स्टिरिओ लाइन इन असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्यावा. सर्वांत स्वस्त यूएसबी साउंड कार्डांत बहुधा फक्त माइकचेच छिद्र असते, त्यामुळे खोक्यावर ‘लाइन इन’ आणि ‘स्टिरिओ’ हे दोन्ही शब्द पाहूनच पैसे द्यावेत. डेक नसून वॉकमन असेल, तर त्याच्या हेडफोनच्या छिद्रातून वायर काढता येते. तेव्हा वॉकमनचा आवाज मध्यावर ठेवावा.

जोडणी झाल्यावर एक घुंई असा खालच्या पट्टीतला आवाज सतत येत असेल, तर तो आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेचा गुणगुणाट असतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर काम करून पाहावे, बऱ्याच वेळा तो तेवढ्यानेच जातो.

संगणक नवा असण्याची गरज नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला, तेव्हापासून अनेक घरांत चांगले चालणारे संगणक नुसते पडून आहेत. इंटरनेट न जोडता असा संगणक या कामाला द्यावा किंवा त्यावर लिनक्स घालावे. दोन्ही प्रकारे तो पुरेसा आहे.

रेकॉर्डिंग

रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. ते ऑडॅसिटीटीम डॉट ऑर्ग या अधिकृत ठिकाणाहूनच उतरवून घ्यावे. सुरू करण्यापूर्वी विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन आपल्या लाइन इनसाठीचे ‘ऑडिओ एन्हान्समेंट’ बंद करावे. माणसाचे बोलणे स्पष्ट करण्यासाठी केलेल्या या सोयी टाळ-मृदंगाला गोंगाट समजून कापून टाकतात. संगणक झोपी जाण्याची वेळ ‘कधीच नाही’ अशी करावी आणि सूचनांचे आवाज बंद करावेत.

ऑडॅसिटीत आवाज आत घेण्याचे साधन म्हणून आपला लाइन इन निवडावा, चॅनेल स्टिरिओ ठेवावेत आणि सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, ४८,००० हर्ट्झ करावा. ध्वनी व दृक्‌श्राव्य अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना जुन्या फितींसाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सुचवते, आणि घरच्या कामासाठीही हेच प्रमाण धरावे. यात तासाभराच्या स्टिरिओ आवाजाला सुमारे एक जीबी जागा लागते, आणि काम चालू असताना ऑडॅसिटी ३२ बिटमध्ये साठवत असल्याने त्याहून थोडी अधिक मोकळी ठेवावी.

कॅसेटीतला मोठ्यात मोठा आवाज कोणता हे आधी थोडे ठिकठिकाणी ऐकून शोधावे आणि तेव्हा मीटर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील इतपत पातळी ठेवावी. पातळी थोडी कमी राहिली तर नंतर वाढवता येते, मात्र शून्याला टेकून फाटलेला आवाज सांधता येत नाही. डॉल्बीचे, म्हणजे फितीची सरसर कमी करणाऱ्या पद्धतीचे, बटण कव्हरवर तशी नोंद असेल तरच चालू करावे, कारण घरी भरलेल्या बहुतेक कॅसेटी डॉल्बीशिवायच्या असतात.

आता रेकॉर्डिंग आधी सुरू करावे आणि मग कॅसेट. सुरुवातीची कोरी फीतही घ्यावी, ती पुढे उपयोगी पडते. एक बाजू संपेपर्यंत मध्ये थांबू नये, आणि शक्य तर कॅसेट संपूर्ण ऐकावी, कारण फीत अडकली तर ती लगेच थांबवणारे कोणीतरी जवळ हवे. ऐकता ऐकता जे ओळखू येईल ते वेळेसह वहीत लिहीत जावे: ‘१२ मिनिटे: मागे रेडिओवर बातम्या, माईचा आवाज’. रेडिओवरच्या बातमीवरून दिवससुद्धा निश्चित करता येतो.

बाजू संपताच, काहीही न कापता आणि न सुधारता, ती फ्लॅक स्वरूपात २४ बिटने निर्यात करावी. फ्लॅकमध्ये आवाजाचा कणही न गमावता फाइल बरीच लहान होते, आणि फाइल पुढे कधी बिघडली तर ते कळावे यासाठी पडताळणीचे आकडे तिच्यातच असतात. ही मूळ प्रत. हिला पुन्हा हात लावू नये, पुढचे सगळे काम हिच्या नकलेवर करावे.

आवाजाची साफसफाई

टेपरेकॉर्डरच्या आतल्या माइकवर भरलेली कॅसेट बहुधा एकाच चॅनेलची असते. दोन्ही चॅनेल मिसळून त्यांचा एक करण्याचा मोह होतो, परंतु हेडचा कोन किंचितही चुकला असेल तर मिसळताना वरच्या पट्टीतले आवाज एकमेकांना मारतात. त्यापेक्षा डावा आणि उजवा चॅनेल वेगवेगळा ऐकून जो अधिक स्वच्छ असेल तोच ठेवावा.

फितीची सरसर कमी करण्यासाठी सुरुवातीच्या कोऱ्या फितीतले दोन-तीन सेकंद निवडून ऑडॅसिटीच्या ‘नॉइज रिडक्शन’मध्ये ‘गेट नॉइज प्रोफाइल’ म्हणावे, मग सगळा आवाज निवडून तेच पुन्हा उघडावे. कपात ६ ते ९ डेसिबलच ठेवावी. त्याच चौकटीत ‘रेसिड्यू’ असा एक पर्याय असतो, तो निवडून ऐकले तर जे काढून टाकले जाणार आहे तेवढेच ऐकू येते. त्यात नुसती सरसर असेल तर ठीक, पण आजोबांचा आवाज पुसटसा का होईना ऐकू आला, तर कपात जास्त झाली आहे. थोडी सरसर राहिली तरी चालते, कान तिला लगेच सरावतो. पाण्याखालून बोलल्यासारखा झालेला माणसाचा आवाज मात्र सतत खटकत राहतो.

वेगाचा दोष घरच्या कॅसेटींत पुष्कळ असतो. रेकॉर्डिंग करताना टेपरेकॉर्डरचे सेल उतरलेले असले तर फीत तेव्हा हळू सरकलेली असते, आणि म्हणून आज योग्य वेगाने वाजवल्यावर आवाज चिरका आणि घाईघाईचा येतो. ऑडॅसिटीतल्या ‘चेंज स्पीड अँड पिच’ने तो उतरवता येतो. किती उतरवायचा हे ठरवण्यासाठी भजनाच्या कॅसेटीत पेटी असेल, आणि तीच पेटी अजून घरात असेल, तर तिच्यावर तोच सूर वाजवून जुळवावा. तशी सोय नसेल, तर त्या माणसाला ओळखणाऱ्याच्या कानावर विश्वास ठेवावा.

कॅसेटीत वेगवेगळे प्रसंग असतील तर प्रत्येकाच्या आरंभी कंट्रोल आणि बी ही बटणे दाबून खुणेची चिठ्ठी लावावी, तीत नाव लिहावे आणि निर्यात करताना चिठ्ठ्यांप्रमाणे वेगवेगळ्या फाइली करण्याचा पर्याय घ्यावा. नातेवाइकांना पाठवण्यासाठी एमपी३ पुरे. नुसत्या बोलण्याला एका चॅनेलचा १२८ केबीपीएस आणि गाण्याला स्टिरिओ १९२ केबीपीएस चांगला वाटतो. अर्ध्या तासाचे गाणे यात सुमारे ४३ एमबीत बसते.

विकतच्या कॅसेटी स्वतःच्या ऐकण्यासाठी उतरवणे वेगळे आणि त्या इंटरनेटवर सर्वांसाठी चढवणे वेगळे. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, त्यामुळे ऐंशीच्या दशकातली कोणतीही विकतची कॅसेट अजून त्या मुदतीत आहे. घरच्या कॅसेटीतही कोणाचे खासगी बोलणे असेल, तर कुटुंबाच्या गटावर टाकण्यापूर्वी त्या माणसाला विचारावे.

जपणूक

फाइलच्या नावात आरंभी कॅसेटचा क्रमांक, मग साल, मग बाजू आणि शेवटी थोडक्यात विषय असावा: ‘०१४_१९८७_ए_आजीच्या_ओव्या’. साल माहीत नसेल तर अंदाज न लिहिता ती जागा शून्यांनी भरावी. वहीतली सविस्तर नोंद साध्या मजकुराच्या फाइलमध्ये टंकून त्याच फोल्डरात ठेवावी, म्हणजे आवाज आणि त्याची ओळख यांची ताटातूट होत नाही.

मूळ प्रतींच्या तीन नकला असाव्यात. एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावातल्या भावाबहिणीकडे किंवा क्लाउडवर. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यासाठी ठीक आहे, कायमच्या साठवणीसाठी त्यावर विसंबू नये. वर्षातून एकदा प्रत्येक ठिकाणची एखादी फाइल उघडून वाजवून पाहावी आणि हार्ड डिस्क जुनी होत आली की सगळे नवीन डिस्कवर हलवावे.

काम झाले म्हणून मूळ कॅसेटी टाकून देऊ नयेत. फीत एका टोकापर्यंत पूर्ण गुंडाळून, कव्हरात घालून, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. जागा कोरडी असावी आणि स्पीकरपासून दूर असावी, कारण त्यातल्या चुंबकाने फितीवरचा आवाज पुसट होतो. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि दर पावसाळ्याच्या आरंभी त्या बदलाव्यात.